बर्राची किल्ली

महोदय,

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या सहलीत बर्रा हे तांब्याच्या खाणीचं गाव असलंच, तर जेवणाच्या थांब्यापुरतं. तेवढ्या वेळात चौक आणि दुकानं दिसतात. बाकीचं बर्रा कुलपात असतं, आणि सहल आखणाऱ्यांनी नेमकं तेच वगळावं याचं वाईट वाटतं.

गावच्या पर्यटन केंद्रात 'हेरिटेज पासपोर्ट' घेतला, अनामत भरली, की माहितीपुस्तिका आणि किल्ली मिळते. 11 किलोमीटरच्या फेरीत 1856 चा रेडरूथ तुरुंग, युनिकॉर्न ब्रुअरीची तळघरं अशा ठिकाणांची कुलपं आपणच उघडायची, निवांत हिंडायचं, निघताना आठवणीने लावायची. केंद्र बंद झाल्यावर पोचलात तर किल्ली नाही. म्हणून सकाळीच पोचावं, शक्यतो एक रात्र राहावं.

जास्तीत जास्त वेळ द्यावा तो ओढ्याकाठच्या डगआउट्सना, म्हणजे मातीत कोरलेल्या घरांना. 1845 मध्ये तांबं सापडलं आणि इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणकामगारांची रीघ लागली. घरं पुरेनात, तेव्हा त्यांनी ओढ्याच्या मऊ मातीच्या काठातच खोल्या कोरल्या आणि धुराडी वर जमिनीतून बाहेर काढली. 1851 मध्ये सुमारे 1800 माणसं अशी राहत होती; त्याच वर्षी पुराने कित्येक बिऱ्हाडं धुऊन नेली. खाण कंपनीने पॅक्सटन स्क्वेअरला 33 घरं बांधली, पण भाडं कोण भरणार, म्हणून बरेच जण काठ सोडायला तयार नव्हते. आज दोन डगआउट्स जपलेली आहेत. आत जाऊन भिंतीवर हात ठेवावा: ही माती कोरायला सोपी का आणि पुरात ढासळायला सोपी का, ते तिथेच कळतं.

खाणीवर मॉर्फेटचं इंजिनघर चुकवू नका. खाण खोल गेली तसं तांबं भूजलाच्या पातळीखाली लागू लागलं, म्हणून पाणी उपसणं भाग. एवढ्या अवाढव्य वाफेच्या इंजिनाचं कारण तेच. 1877 मध्ये खाण बंद पडली. 1970 च्या दशकात पुन्हा खोदलेल्या उघड्या खड्ड्याच्या कडा तांब्याच्या खनिजाने हिरव्या दिसतात. खाणीवर सावली जवळजवळ नाही, तेव्हा उन्हाळ्यात हा भाग सकाळीच उरकावा. पाणी आणि टोपी हवीच.

ॲडलेडहून अंतर सुमारे 160 किलोमीटर, गाडीने दोन तास. रेल्वे नाही. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवायची, पण दिवस मावळताना कांगारू रस्त्यावर येतात. परतीला तिन्हीसांजेच्या आधी निघावं, आणि त्याआधी किल्ली परत करून अनामत घ्यावी.

आपला,
एक वाचक