दुसरा तारा घेतल्याबद्दल

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

वेधशाळेच्या रात्रपाळीत तुम्ही ध्रुवीकरणाच्या, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशलहरी कुठल्या एका दिशेत किती झुलतात त्याच्या, निरीक्षणांसाठी उपकरण ज्या निगुतीने लावून दिलंत, त्याचे आभार चारचौघांत मानायला हवेत.

हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवीकरणाची दिशा फिरवणारी चकती) ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर थांबवायची, परस्परलंब ध्रुवीकरणं वेगळी करणाऱ्या वोलास्टन प्रिझममधून प्रत्येक ताऱ्याच्या दोन प्रतिमा घ्यायच्या आणि त्यांच्या तेजाची तुलना करायची. गिरवलीची वेधशाळा काय, नैनितालची काय, गाभा हाच. खरी मेख प्लेटच्या शून्यात, म्हणजे तिचे अंश जिथून मोजायचे त्या जागेत असते. ते ३ अंशांनी चुकलं की ध्रुवीकरणाच्या दिशेचा कोन ६ अंशांनी चुकतो, पण ध्रुवीकरणाची टक्केवारी अगदी बरोबर येते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. आधी ज्यांच्यावर हे काम सोपवलं होतं त्यांनी एचडी २१२३११ (एचडी म्हणजे तारकासूचीतला क्रमांक) हा अध्रुवित, म्हणजे जवळपास ध्रुवीकरणच नसलेला तारा घेतला, ‘उपकरण ठीक’ असा शेरा मारला आणि हात झटकले. अध्रुवित ताऱ्यावरून कोनाचं शून्य कसं कळणार? विचारलं तर उत्तर एकच: सॉफ्टवेअरमध्ये बघून घ्या.

तुम्ही ज्याचं ध्रुवीकरण आधीच मोजलेलं आहे असा एचडी २०४८२७ लावलात. व्ही (हिरवट-पिवळ्या) फिल्टरमध्ये ध्रुवीकरण ५.३ टक्के, कोन ५८.७ अंश. तारा तेजस्वी, म्हणून लांब एक्स्पोजर टाळून छोटी छोटी घेतलीत आणि कॅमेऱ्यात जमलेल्या प्रकाशाची बेरीज दहा लाख इलेक्ट्रॉनांपर्यंत नेलीत, ०.१ टक्क्याची अचूकता त्याहून कमीत मिळत नाही. शून्य जुळवलं, आकडा बसला. इथे कुणीही काम संपलं म्हटलं असतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, “अजून एक घेऊ या.”

त्या चार शब्दांसाठी हे पत्र आहे. तशाच दुसऱ्या ताऱ्याचा, एचडी १९८२० चा, कोन ११४.९ यायला हवा होता, आला २.५! प्लेट सूत्रात धरलेल्या दिशेच्या उलट फिरत होती, म्हणजे यू चं (कोन ज्या दोन आकड्यांवरून काढतात त्यांतल्या एकाचं) चिन्हच उलटं. एकाच ताऱ्यावर शून्य जुळवलं की दिशेची चूक त्या शून्यातच मुरते. वेगळ्या कोनाचा दुसरा तारा लावल्याशिवाय ती उघडी पडत नाही. ती तशीच राहिली असती तर ताऱ्यांच्या अशा कोनांवरून काढायचा धुळीच्या ढगातल्या चुंबकीय क्षेत्राचा सगळा नकाशा आरशातल्यासारखा उलटा निघाला असता, आणि तरी दिसायला सुबकच दिसला असता. तुम्ही चिन्ह बदललंत, शून्य नव्याने काढलंत आणि पहाट व्हायच्या आत दोन्ही तारे पुन्हा घेतलेत.

हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. निरीक्षणं कुणाची, निबंधावर नाव कुणाचं, हेही तुम्ही विचारलं नाहीत. अशी माणसं आहेत म्हणून दुर्बिणीतून आलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवता येतो.

रॅकवर तुम्ही शून्य, दिशा, फिल्टर आणि तारीख लिहून कागद चिकटवलात. प्लेट साफसफाईला काढली तर दोन्ही तारे पुन्हा घ्या, असंही खाली लिहिलंत. त्या शेवटच्या ओळीचे वेगळे आभार.

आपला,
एक कृतज्ञ निरीक्षक