आई, नुसतं ‘दुखतंय’ म्हणू नकोस

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, फिजिओ येऊन गेल्या की तू फोनवर ‘आज फार दुखलं गं’ एवढंच सांगतेस आणि बाबा मागून म्हणतात, ‘आज राहू दे, उद्या बघू.’ मला दोघांचंही समजतं. पण घोटा मोडून आठ आठवडे झाले, प्लास्टर निघून दोन. या दिवसांत ‘राहू दे’ म्हणून सोडलेला व्यायाम सांध्यात आखडून बसतो, आणि दात-ओठ खाऊन रेटलेला व्यायाम सूज वाढवून पुढचे दोन दिवस खातो. म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते आहे.

आधी तुझी भीती. पाऊल वाकवलं तर ऑपरेशनमध्ये हाडाला लावलेली प्लेट हलेल, हाड परत सुटेल असं तुला वाटतं. डॉक्टरांनी एक्स-रे बघून निम्मं वजन टाकायला सांगितलं, ते हाड जुळताना दिसलं म्हणूनच. आता जे दुखतं ते बहुतेक हाड नव्हे. सहा आठवडे पाऊल एकाच कोनात होतं, त्यात सांध्याभोवतीचं आवरण आक्रसलं आणि पोटरी बारीक होऊन आखडली. घोटा म्हणजे वरच्या दोन हाडांच्या खाचेत बसलेला ठोकळा. तो पुढून रुंद, मागून अरुंद. पाऊल वर ओढलं की रुंद बाजू खाचेत शिरते, म्हणून खाली करणं सोपं आणि वर आणणं अवघड. सपाट चालायलाही पाऊल साधारण 10 अंश वर यावं लागतं, जिना उतरायला त्याहून जास्त. तेवढं आलं नाही तर माणूस पाऊल बाहेर फिरवून चालायला लागतो, आणि मग गुडघा धरतो, कंबर धरते.

आता दुखण्याबद्दल. आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत, त्यातला नेमका शब्द मला हवा आहे. पोटरीत किंवा टाचेच्या मागे ओढ बसते, रग लागते, तेव्हा थांबायचं नाही. तीच लांबायला हवी असलेली जागा आहे. व्यायामानंतर तासाभराने घोटा ठणकायला लागला तर व्यायाम बरोबर होता पण जास्त झाला. उद्या आवर्तनं निम्मी, बंद मात्र नाही. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं झालं तर तिथेच थोडं सैल सोड, कारण त्यापुढे रेटलं की सांधा मोकळा व्हायच्या ऐवजी पुढून चेंगरतो आणि सुजतो. हाडावर एकाच बोटाएवढ्या जागी चमक निघाली आणि वजन टाकलं की दर वेळी तिथेच निघाली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. बाहेरच्या टाक्यांजवळ मुंग्या किंवा चुरचुर असेल तर तिथून पावलाच्या वरच्या भागाला जाणारी नस आहे, ती चिडलेली असते. फिजिओंना सांग, पण घाबरू नकोस.

किती दुखलेलं चालतं याचंही माप आहे. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना चार-पाचपर्यंत चालेल. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर दुखणं आणि सूज काल सकाळइतकीच असेल तर कालचं प्रमाण बरोबर. वाढलेली असेल तर कमी कर. बाबा, हे तेवढं तुम्ही कॅलेंडरवर लिहाल का? रोज सकाळी एक आकडा. तिला रात्री विचारू नका. रात्री दिवसभराचा शीण बोलतो.

फिजिओ आल्यावर तासभर आणि मग दिवसभर काही नाही, हे सगळ्यात वाईट. पाच-सात मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, हे हवं. सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात जास्त दुखतं, कारण रात्रभर पाऊल खाली झुकलेलं राहून पोटरी आखडते. म्हणून पलंगावरून उतरायच्या आधीच पाऊल वर-खाली 20 वेळा. मग पाय सरळ ठेवून बाबांचा पंचा चवड्याला अडकव, बोटांना नव्हे. दोन्ही टोकं हातात धरून ओढ बसेपर्यंत खेच, 30 सेकंद धर, सोड. असं चार वेळा. नंतर गुडघ्याखाली उशी घेऊन गुडघा थोडा वाकवून परत चार वेळा. पोटरीत दोन स्नायू आहेत: वरचा गुडघा सरळ असताना ताणला जातो, खालचा गुडघा वाकवल्यावर. दुसरा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि मग जिन्यावर अडकतात. धक्के देऊन ओढायचं नाही. श्वास रोखलास की सगळं अंग ताठतं आणि दुखणं वाढतं, म्हणून बाबांनी मोठ्याने अंक मोजावेत आणि तूही त्यांच्याबरोबर मोज. मोजताना श्वास रोखता येत नाही.

दुपारचा व्यायाम खुर्चीवर. पावलाखाली कोरडा नॅपकिन ठेव आणि पाऊल लादीवरून खुर्चीखाली मागे सरकव, टाच उचलू न देता. टाच सुटायला लागली की तीच तुझी आजची हद्द. तिथे 10 सेकंद, असं 10 वेळा. लाद्यांच्या जोडाची रेघ तुझी पट्टी. खुर्ची रोज त्याच रेघेवर ठेवा आणि टाच कुठवर गेली ते फक्त रविवारी बघा. रोज बघितलं तर काही हललेलं दिसत नाही आणि मन खचतं. रबरी पट्ट्याचे व्यायाम फिजिओ सांगतील तेव्हाच, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं पूर्ण वजनाची परवानगी मिळाल्यावर.

निम्मं वजन म्हणजे किती, हे अंदाजाने कळत नाही. भीतीने 10 किलोही पडत नाही आणि घाईत सगळं पडतं. वजनकाटा भिंतीजवळ ठेवा, त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीची पाटी किंवा जाड पुस्तक. चांगला पाय पुस्तकावर, दुखरा काट्यावर, हात वॉकरवर. तुझं वजन 60, म्हणजे काटा 30 वर येईपर्यंत भार दे आणि तो भार तळव्याला कसा वाटतो ते लक्षात ठेव. आकडा बाबांनी वाचायचा, तू खाली वाकून बघायचं नाही. भार टाळून हाड सुरक्षित राहतं असं नाही. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने 1892 साली मांडलं की हाडावर जसा भार येतो तशी त्याची घडण होते. प्लास्टरमध्ये भार नसलेलं हाड विरळ होतं, ते सोसेल इतका भार मिळाला की भरून येतं.

गोळीची वेळही चुकते आहे. पॅरासिटॅमॉल दुखल्यावर नव्हे, फिजिओ यायच्या पाऊण तास आधी घे. 650 ची असेल तर एका गोळीनंतर दुसरी किमान सहा तासांनी, दिवसात चारच्या वर नाही. सर्दीच्या गोळीतही बरेचदा पॅरासिटॅमॉल असतं, ते धरून मोजा. बाबा, तुमच्या गुडघ्यासाठी आणलेली डायक्लोफेनॅक तिला देऊ नका. तिला बीपी आहे. त्या गोळीने बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

शेक आणि बर्फ यांचा गोंधळ नको. सकाळी सांधा ताठ असतो तेव्हा कोमट पाण्यात 10 मिनिटं पाऊल ठेवून मग व्यायाम (जखम आता पूर्ण बंद आहे म्हणून, पाणी आधी बाबांनी हाताने बघायचं). संध्याकाळी सुजलेलं असतं तेव्हा मटारची थंड पिशवी ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून 10 ते 15 मिनिटं, त्याहून जास्त नाही. टाक्यांभोवती स्पर्श कमी कळतो, त्वचा भाजली तरी पत्ता लागणार नाही. मग पाय उशांवर, छातीपेक्षा उंच, टाच अधांतरी. नुसता स्टुलावर ठेवलेला पाय पुरत नाही. संध्याकाळची थोडी सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहते. सूज आहे म्हणजे बिघडलंय असं नाही.

गिरगावातला आपला लाकडी जिना मला सगळ्यात जास्त सलतो. पायऱ्या अरुंद, कठडा एकाच बाजूला. फिजिओंसमोर सराव झाल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नकोस. उतरशील तेव्हा वॉकर नाही; एक हात कठड्यावर, दुसऱ्यात काठी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उतरताना मागे राहिलेला घोटा वाकावा लागतो, म्हणून मागे चांगला राहू दे. बाबा, ती चढताना तुम्ही तिच्या मागे एक पायरी खाली, उतरताना तिच्या पुढे एक पायरी खाली. दंडाला धरू नका, तोल जातो. गरज लागली तर कमरेला आधार द्या.

मालीशवाल्या बाईंना घोट्याला हात लावू देऊ नका. जोर लावून पाऊल फिरवल्याने आखडलेलं आवरण फाटून सूज येते. टाक्यांच्या व्रणावर खोबरेल लावून तू स्वतः बोटाने पाच मिनिटं गोल चोळ, ते हवंच. व्रण खाली चिकटला की कातडी ओढते. मांडी घालून बसणं आणि इंडियन संडास सध्या बंद, कमोडची खुर्ची कितीही नकोशी वाटली तरी. उकिडवं बसताना घोट्याला सगळ्यात जास्त वाकावं लागतं.

काही गोष्टींत मात्र माझ्या फोनची वाट बघू नका. पोटरी एकाएकी सुजली, गरम झाली, बसल्या जागीही दुखायला लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच 108. टाक्यांतून पाणी किंवा ताप असेल तर जंतुसंसर्ग बघायला हवा. आणि पाऊल चकचकीत, लालसर-निळं दिसायला लागलं, चादर लागली तरी आग व्हायला लागली, तर तेही लवकर दाखवा. ते वेळेत ओळखलं तर आटोक्यात येतं.

डॉक्टरांना हाडांच्या घनतेची तपासणी आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. उभ्याने पडून घोटा मोडला म्हणजे हाडं तपासायलाच हवीत.

येत्या रविवारी फोन करेन. टाच लादीच्या कुठल्या रेघेपर्यंत गेली ते सांग, आणि आठवड्यात ओढ जास्त होती, ठणका होता की चमक.

तुमची,
लेक

ता. क. बाबा, वॉकरच्या चारही पायांची रबरं उलटी करून बघा. मधली नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर आजच नवी आणा. पावसात लादी दमट असते, आणि मोरीपाशी तर नेहमीच ओली.