कटिंग मास्तरांना जाहीर थँक्यू, गोधडीच्या डाय मशीनसाठी

मास्तर, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "असू द्या की ओ ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, तुमची नात वाचून दाखवेलच तुम्हाला.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. माझ्या नणंदेने अमेरिकेतून येताना तिचं अ‍ॅक्युक्विल्टचं गो मशीन मला आणून दिलं. क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीचीच बहीण, त्यासाठी कापडाचे एकसारखे तुकडे कापणारं हाताने फिरवायचं मशीन. वीज लागत नाही. एक जाड पाटी असते, तिला डाय म्हणतात, तिच्यात स्टीलची पाती चौकोनाच्या नाहीतर त्रिकोणाच्या आकारात उभी बसवलेली आणि त्यांच्याभोवती फोम. फोमवर कापड पसरायचं, वर प्लास्टिकची मॅट ठेवायची आणि उसाच्या चरकासारखं दोन रोलरमधून हँडल फिरवत सगळं पलीकडे काढायचं. दाबाने फोम खाली बसतो, पाती वर येतात आणि कापड कापलं जातं. सुती कापडाचे सहा थरापर्यंत एका फेरीत कापतं, कात्रीने तेवढं कापायला दुपार जाते.

मशीन चालत होतं पण तुकडे जुळत नव्हते. साडेचार इंचाचा डाय, म्हणजे चारही बाजूंनी पाव इंच शिलाई धरून शिवल्यावर चार इंच उरायला पाहिजेत, तर काही चौकोन एका बाजूने बरोबर आणि दुसऱ्या बाजूने किंचित आखूड. दिसायला एवढंसं, पण एका ओळीत दहा-बारा तुकडे जोडले की ओळ शेजारच्या ओळीला लागतच नाही. व्हिडिओ बघितले, मॅन्युअल वाचलं, त्यात लेन्थवाइज ग्रेन, म्हणजे कापडाचा उभा धागा, रोलरच्या दिशेने ठेवा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण माझ्याकडे कापड कुठलं, तर आपल्या सोलापुरातल्या युनिफॉर्मच्या कारखान्यांतलं उरलेलं कटपीस, किलोवर आणलेलं! त्याला ना काठ ना किनार, मग त्यात उभा धागा कुठला आणि आडवा कुठला हे ओळखायचं कसं, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं कारण तिकडच्या बायका ताग्यातून नवीन कापड घेतात.

तेव्हा शेजारच्या वहिनींनी तुमचं नाव सांगितलं. आयुष्यभर युनिफॉर्मची कटिंग केलेला माणूस, वडील 1877 च्या जुन्या मिलमधे साच्यावर, म्हणजे मागावर. खरं सांगू का, मला वाटलं होतं मास्तर हे खेळण्यासारखं मशीन बघून हसतील. तुम्ही हसला नाहीत. चष्मा लावला, पात्यांवर लांबून नजर फिरवली आणि मशीनला हातही न लावता म्हणालात, "कापड बघू आधी."

मग तुम्ही एक चिंधी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून झटका दिलात. एका दिशेने टक्क असा कोरडा आवाज आला, दुसऱ्या दिशेने दबका आणि कापड जरासं लांबलंही. "टक्क वाजलं तो ताणा, ताणतंय तो बाणा, आणि कोपऱ्यातून ओढलं की रबरासारखं येतं तो उरेब." ताणा म्हणजे उभा धागा, बाणा म्हणजे आडवा, आणि उरेब म्हणजे तिरकी दिशा. मास्तर, इतक्या साध्या गोष्टीसाठी मी किती रात्री डोकं धरून बसले होते! रोलरच्या दाबाखाली आडवा धागा ताणला जातो, ताणलेलाच कापला जातो आणि बाहेर आला की परत आकसतो, म्हणून तुकडा त्या बाजूने आखूड. हे तुम्ही दोन चिंध्या कापून, एकावर एक ठेवून दाखवलंत. आता मी प्रत्येक कटपीस आधी वाजवते आणि उभ्या दिशेने खडूची रेघ मारूनच डायवर ठेवते.

दुसरी गोष्ट तोंडाची, म्हणजे कापडाच्या सुलट बाजूची. चौकोनाला फरक पडत नाही, पण तिरक्या चौकोनाच्या डायवर कापड घडी करून ठेवलं की अर्धे तुकडे उजवे आणि अर्धे डावे निघतात. मी विचारायच्या आधीच तुम्ही विचारलंत, "जोडी पाहिजे का एकाच बाजूचे?" शर्टाच्या बाह्या कापताना डावी-उजवी जोडी लागते म्हणून कापड तोंडाला तोंड लावून पसरायचं, आणि सगळे एकाच हाताचे पाहिजेत तर प्रत्येक थर सुलटाच ठेवायचा. नणंदेलाही फोनवर सांगितलं, ती म्हणाली हे आम्हाला कुणी असं समजावलंच नाही.

डाय रोलरला सरळ न लावता थोडा तिरका लावायचा ही आयडियाही तुमचीच, कारण लांब पातं रोलरला समांतर असलं की सगळा जोर एकदम येतो, हँडल जड होतं आणि मधे मधे धागे कापायचे राहतात. आणि ते टेरीकॉट! सहा थर सुती कापडाला ठीक, पण टेरीकॉट घसरतं, तिथे तीनच्या वर जायचं नाही असं तुम्ही बजावलंत आणि ते मी पाळते. मॅट दर वेळी उलटून फिरवून वापरते, एकाच जागी खाचा पडल्या की तिथे कट अर्धवट येतो. फोममधे अडकलेला भुसा दात कोरायच्या काडीने काढते.

पण मला सगळ्यात जास्त थँक्यू म्हणायचंय ते तुम्ही ज्या पद्धतीने शिकवलंत त्यासाठी. रविवारी दुपारी जेवण झोप सोडून यायचं, पैशाचं नाव काढलं की चप्पल घालायला उठायचं, आणि प्रत्येक गोष्ट आधी माझ्याच हाताने करून घ्यायची. "मी केलं तर मला येईल, तुम्ही करा." ज्या शहराची चादर देशभर जाते, जिथून शाळांचे युनिफॉर्म कुठे कुठे जातात, तिथे तुमच्यासारखे किती मास्तर रिटायर होऊन ओट्यावर बसलेत आणि त्यांना कुणी काही विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्यासारखं एखादं मशीन कुणाच्या कपाटावर पडून असेल तर आपल्या गल्लीतल्या कटिंग मास्तरांना बोलवा, खरंच बोलवा.

पहिली गोधडी झाली, निळ्या आणि राखाडी युनिफॉर्मच्या त्रिकोणांची, मधे थोडं चेक्स. त्रिकोणांची टोकं जिथे भेटायला पाहिजेत तिथेच भेटली. मी बोट फिरवून फिरवून बघितलं.

आता पुढचं काम काकूंचं आहे. त्यांच्या जुन्या इरकली साड्या नातीच्या गोधडीत घालायच्या म्हणाल्या होत्या ना, त्या फक्त धुवून ठेवायला सांगा, कापड मऊ पडलंय तर खळ मी घालते आणि इस्त्रीही करते. थर किती ठेवायचे ते मात्र तुम्हीच येऊन सांगा, इरकलीवर मी तुमच्याशिवाय हँडल फिरवणार नाही. या रविवारी जमतंय का बघा, काकूंनाही घेऊन या, जेवायला इथेच थांबा.

तुमची,
गोधडीवाली ताई