अनुदान आरशांवर नको, वाफेवर द्या

मा. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

छतावरच्या सौर पॅनेलसाठी सरकारने हात सैल सोडला, हे चांगलंच झालं. सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजार रुपये मिळतात. पण मी बॉयलर हाऊसमधला माणूस आहे, माझं मागणं वाफेचं आहे.

दुग्धशाळेत दूध 72 अंशांवर पाश्चराइज करायचं. कॅन, क्रेट, पाइपलाइन गरम पाण्याने धुवायची. त्यासाठी रोज फर्नेस ऑइल नाहीतर ब्रिकेट (भुशाचे दाबून केलेले ठोकळे) जळतात. पॅनेल उन्हाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाची वीज करतं. आरशांनी ऊन एका जागी गोळा करणारी मोठी डिश नीट राखली, तर निम्म्याहून अधिक उन्हाची उष्णता करते. उष्णताच हवी असताना मधे वीज कशाला?

हे आपल्याकडे होऊन गेलंय. लातूरच्या महानंद डेअरीत 2006 साली आयआयटी मुंबईच्या डॉ. शिरीष केदारे यांची 'अरुण' डिश बसली. सुमारे 160 चौरस मीटरचे आरसे, दाबाखालचं पाणी 180 अंशांपर्यंत तापवणारे. शिर्डीच्या प्रसादालयात 2009 पासून 73 शेफलर डिशांच्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक झाला. शेफलरची खुबी अशी की डिश सूर्यामागे फिरते, पण तिचा केंद्रबिंदू जागचा हलत नाही, त्यामुळे वाफेचा पाइपही स्थिर राहतो. 'अरुण'चा रिसीव्हर, म्हणजे गोळा झालेलं ऊन झेलून तापणारा भाग, डिशबरोबरच फिरतो. तापमान जास्त मिळतं, पण हलत्या जोडांची निगा सतत राखावी लागते.

घोडं पेंड खातं ते इथेच. आमच्या भागातल्या एका दुग्धशाळेतली डिश मी जवळून पाहिली. आरशांच्या कडा काळ्या पडल्यात, गिअरबॉक्स जाम, तोंड कायमचं एकाच दिशेला. दुरुस्तीचं कोटेशन फाइलीत पडून आहे. अनुदान आरशांच्या चौरस मीटरवर होतं, ते उभारणीबरोबर संपलं. डिश चालते की नाही, हे विचारायला पुढे कुणी आलंच नाही. अशा डिशांना अनुदान देणारी केंद्राची योजनाही 2020 पर्यंतच होती.

निव्वळ विजेसाठी आज पॅनेल स्वस्त पडतं, मान्य. तरी अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या 1 मेगावॉट प्रकल्पात 770 डिशांची उष्णता बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ठोकळ्यांत साठवून सूर्यास्तानंतरही टर्बाइन फिरवता येतं, हे विसरू नये. आणि आरशांना थेट ऊन लागतं. पावसाळ्यात बॉयलर पेटवावाच लागेल. म्हणून सुरुवात मराठवाडा, सोलापूर अशा कोरड्या पट्ट्यातून व्हावी.

माझी विनंती एवढीच : योजना पुन्हा सुरू करा आणि वाफेच्या लाइनवर मीटर बसवून, जेवढी उष्णता प्रत्यक्ष मिळाली तेवढ्याचे पैसे पाच वर्षं हप्त्याने द्या. मग आरसे पुसायला माणूस आपोआप ठेवला जाईल. बंद पडलेल्या डिशांनाही हाच दर लावा. त्यांचा पाया, लोखंडी सांगाडा आणि पाइपलाइन जागेवर आहे. आरसे आणि गिअरबॉक्स बदलले, तर येत्या उन्हाळ्यात त्यांची वाफ दुधाला मिळू शकेल.

आपला,
एक बॉयलर अटेंडंट