ऊस पिवळा पडायच्या आधीच कळायला पाहिजे

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या शिरोळ भागात ऊस पिवळा दिसला की धावपळ सुरू होते, पण तोवर हुमणीनं, म्हणजे जमिनीतल्या अळीनं, मुळं खाल्लेली असतात, बेट हातानं ओढलं तरी अख्खं उपटून येतंय. हे आधी ओळखायची एक पद्धत आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडं कुणी बोलतच नाही म्हणून लिहितोय. पानावर लेसर मारला की हरितद्रव्य शोषलेल्या उजेडातला जेमतेम १-२ टक्के लाल उजेड परत सोडतं, दिवसा डोळ्याला तो दिसत नाही पण सेन्सरला लांबूनही पकडता येतो. हा उजेड ६८५ आणि ७४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या (उजेडाचा रंग ठरवणारं माप) आसपास जास्त असतो, हरितद्रव्य घटायला लागलं की ७४० च्या तुलनेत ६८५ चा वाढतो, त्यामुळं पान हिरवं दिसत असतानाच बऱ्याचदा ताण लक्षात येतो. आता ताण हुमणीचा, पाण्याचा की क्षारपड जमिनीचा, ते मात्र शेतात उतरूनच बघावं लागणार, तेवढं मशीन सांगत नाही.

फवारणीला ड्रोन आलेच आहेत, मग शिवाजी विद्यापीठ, कृषी महाविद्यालय आणि कारखान्यांनी मिळून नदीकाठच्या एखाद्या गावात याची चाचणी घ्यावी, प्लॉट द्यायला आम्ही शेतकरी तयार आहोत.

- एक ऊस उत्पादक, शिरोळ, जि. कोल्हापूर