आधी चूक वाचा, मग टॅब वाटा

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आले, तेव्हापासून ‘प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने’ हे शब्द भाषणाभाषणांतून कानी पडतात. गोव्यात त्याचा अर्थ बहुधा टॅब, स्मार्ट बोर्ड आणि रोबोटिक्स असा घेतला जातो. यंत्रांना आमचा विरोध नाही. पण पहिली ते चौथी एकाच खोलीत आणि शिक्षक एकच, अशा शाळेत कामाला हात दुसरीकडूनच घालावा लागतो.

तिसरीतली वजाबाकी घ्या: 52 वजा 27. एका मुलाचे उत्तर 35, एका मुलीचे 79. दोन्ही वह्यांवर फुली, दोघांनाही शून्य. मुलाच्या डोक्यात ‘मोठ्यातून लहान’ एवढेच बसले आहे, म्हणून त्याने 7 मधून 2 काढले. मुलीने चक्क बेरीज केली, आणि तीही बरोबर! मुलाला आणखी वीस उदाहरणे घातली तर चूकच पाठ होईल. त्याला माडाचे हीर (झावळीच्या काड्या) द्यावेत, दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुटे. सात काढायला सांगितले की सुटे पुरत नाहीत आणि एक जुडी सोडावीच लागते. चार जुड्या, बारा सुटे. असे काही दिवस हाताने केल्यावरच कागदावर हातचा यावा. मुलीला मात्र आधी चिन्हाभोवती गोल करायची सवय लावली की पुरते.

वाचनाचेही तसेच. वर्षारंभी प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून अक्षरे, शब्द, परिच्छेद, गोष्ट या क्रमाने वाचायला द्यावे. एका मुलाला चार मिनिटे धरली तर वीस मुलांचे दोन दिवसांत आटोपते. मग रोज एक तास इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करावेत. चौथीतला मुलगा शब्दांवर अडला असेल तर त्या तासाला तो दुसरीतल्यांबरोबर बसेल. घोटाळा होतो तो पुढे. जूनमध्ये पाडलेले गट मार्चपर्यंत तेच राहतात आणि ‘कच्चा गट’ हा शिक्का बसतो. दर सहा आठवड्यांनी फेरचाचणी झाली नाही तर हे गट न केलेले बरे.

गुणांपलीकडे मुलाची सर्वांगीण प्रगती नोंदवणाऱ्या नव्या समग्र प्रगतिपत्रकाची गत याहून वाईट. रोज तीन मुलांविषयी तारीख घालून एकेक ओळ टिपली तर ते आपोआप भरते. शेवटच्या आठवड्यात भरायला घेतले की सगळ्यांच्या नावापुढे ‘उपक्रमशील आहे’!

सर्जनशीलता शनिवारच्या चित्रकलेपुरती नसते. ‘उत्तर 25 येईल अशा तीन वजाबाक्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावर रचा’ हा प्रश्न फुकट विचारता येतो. सहावी ते आठवीसाठी धोरणाने दप्तराविना दहा दिवस दिले आहेत, त्यांची सहल होऊ नये. खाडीकाठच्या खाजन शेतीच्या मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, मुलांना न्यावे. भरतीच्या वेळी बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार मिटते, ओहोटीला आतले पाणी ते उघडते. दर अर्ध्या तासाने दोन्ही बाजूंची पातळी मोजून आलेख काढायला लावावा. मात्र परीक्षेत ‘मानस म्हणजे काय?’ एवढेच विचारले, तर पुढच्या वर्षी शिक्षक मुलांना व्याख्याच पाठ करायला लावील. त्यात त्याचा दोष नाही.

आता शिक्षकांच्या संख्येचा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक हवेत. त्याच कायद्याच्या 27व्या कलमाने निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारणाची कामे शिक्षकांना लावता येतात. शाळा एकशिक्षकी असेल तर त्या दिवशी चारही वर्ग बुडतात. तिसरीपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचेल हे केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट 2026-27 चे आहे. तेव्हा शिक्षण खात्याने एकशिक्षकी शाळांची यादी तालुकावार जाहीर करावी, तिथे दुसरा शिक्षक नेमावा, आणि तोवर अशा कामाच्या दिवसांसाठी जवळच्या केंद्रातून बदली शिक्षक पाठवायचा लेखी आदेश भागशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावा. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही नोंदवह्या बाजूला ठेवून कोणतीही पाच मुले निवडावीत आणि त्यांचे वाचन ऐकावे.

— दोन प्राथमिक शिक्षक, सत्तरी