काच दोन तासांत बसते, गाडी मात्र दोन तासांत निघत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शनिवार-रविवारी आणि डिसेंबरअखेर पुण्या-मुंबईहून किंवा बंगळूरहून गोव्याकडे निघालेल्या महागड्या स्पोर्ट्स गाड्या बेळगावकरांना आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. त्यांतली एखादी पुढची काच तडकलेल्या अवस्थेत शहरात शिरली, की गॅरेजवाल्यापुढे ठरलेला प्रश्न येतो : रात्रीपर्यंत पणजी गाठायची आहे, किती तास लागतील? आणि ‘दोन तासांत देतो’ म्हणणारा कोणीतरी सापडतोच. काच दोन तासांत बसतेही. पण तिच्याखालचे पॉलियुरेथेन, म्हणजे काच बॉडीला धरून ठेवणारे चिकट, तोवर आतून ओलेच असते, आणि अशी गाडी जांबोटीमार्गे चोर्ला घाटात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. या गडबडीविषयी चार गोष्टी मालकांना आणि आमच्याच धंद्यातल्या मंडळींना सांगाव्यात म्हणून हे पत्र.

जुन्या ॲम्बॅसिडरची काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असे. रबर सोलले की काच हातात. आजच्या गाडीत काच बॉडीला चिकटवलेली असते आणि ती बॉडीचाच एक भाग म्हणून काम करते. वळणावर बॉडी पिळवटू नये, गाडी उलटली तर छत दबू नये, यात तिचा वाटा असतो. शेजारच्या सीटची एअरबॅग उघडते तेव्हा बऱ्याच गाड्यांत ती आधी काचेवर आपटते आणि मग माणसाकडे वळते. काचेची पकड कच्ची असेल तर एअरबॅग काचेलाच बाहेर ढकलते आणि माणसाला आधार उरत नाही.

आधी तडा का जातो ते पाहू. लॅम्बोर्गिनी हुराकानची एकूण उंची ११६५ मिलिमीटर. खडीच्या डंपरचा टायर एक मीटरहून थोडा मोठा. म्हणजे पुढच्या डंपरच्या टायरमध्ये अडकलेली खडी सुटली की ती थेट या गाडीच्या काचेच्या उंचीलाच येते. तवंदी घाट, वंटमुरी घाट आणि रस्त्याची कामे चालू असतील तो प्रत्येक टप्पा या बाबतीत वाईट. ताडपत्री न टाकता खडी नेणारे डंपर त्यात भर घालतात.

खडी लागली म्हणजे काच बदललीच पाहिजे असे नाही. पुढची काच लॅमिनेटेड असते : दोन काचा आणि मधे पीव्हीबीचा पारदर्शक पापुद्रा, साधारण ०.७६ मिलिमीटर जाडीचा. फक्त बाहेरच्या काचेला टवका गेला असेल, तो रुपयाच्या नाण्याएवढा किंवा लहान असेल, काचेच्या कडेपासून लांब असेल आणि चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल, तर त्यात रेझिन भरून काम भागते. आधी टवक्यातली हवा ओढून घ्यायची, मग दाबाने रेझिन भरायचे आणि यूव्ही दिव्याखाली ते कडक करायचे. हे काम सावलीत करावे, कारण उन्हात रेझिन आत पोहोचण्याआधीच आवळते. पावसाळ्यात टवक्यात पाणी शिरलेले असते, ते पूर्ण सुकवल्याशिवाय रेझिन भरले तर पांढुरका डाग कायमचा राहतो. म्हणून खडी लागल्याबरोबर त्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे धूळ आणि पाणी आत जाणार नाही. तडकलेल्या काचेवर एसीचा गार झोत किंवा डीफॉगरची गरम हवा एकदम सोडू नये. घाटातल्या गार पावसात गरम काच, किंवा उन्हात तापलेल्या काचेवर गार झोत, यानेच बोटभर तडा हातभर होतो. तडा कडेपर्यंत पोहोचला, की दुरुस्तीचा विषय संपला.

आता बदलायची वेळ आली तर काच कुठून येणार? या गाड्यांची काच बेळगावात कोणाकडे तयार नसते आणि असावी अशी अपेक्षाही चुकीची. गाडीच्या १७ अक्षर-अंकी चासी नंबरावरूनच मागणी नोंदवावी. एकाच मॉडेलला पावसाच्या सेन्सरसहित आणि सेन्सरविना, कॅमेऱ्यासहित, अँटेनासहित अशा वेगवेगळ्या काचा असतात. चालकासमोर काचेवर वेग दाखवणारा डिस्प्ले असेल तर मधला पापुद्रा वरून खाली किंचित पाचरीसारखा असतो. तिथे साधी काच बसवली की आकडे दुहेरी दिसतात, आणि मग दोष डिस्प्लेत शोधत बसतात. काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचावा. वर्तुळातल्या ई या अक्षराशेजारचा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो : १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ११ ब्रिटन. भारतात या काचेचे मानक आयएस २५५३ भाग २ आहे. पर्यायी कंपनीची काच घेतली तर आणखी एक गोष्ट तपासावी, ती कडेच्या काळ्या पट्ट्याची रुंदी. तो पट्टा शोभेचा नाही. खालच्या पॉलियुरेथेनला उन्हापासून वाचवायला असतो. पट्टा अरुंद निघाला की ऊन थेट चिकटावर पडते आणि काही वर्षांत पकड जाते. कडेला केसाएवढी जरी चीर असली तरी पेटी परत करावी. तशी काच बसवताना टिकते आणि आठवड्याने आपोआप तडकते. काच उभीच ठेवावी, आडवी टाकू नये.

जुनी काच काढणे हा स्पोर्ट्स गाडीत सगळ्यांत अवघड भाग आहे. काच इतकी तिरकी असते की तिची खालची कड डॅशबोर्डच्या पार पुढे, काउलखाली (बॉनेट आणि काच यांच्यामधल्या पट्टीखाली) दडलेली असते. आतून हात पोहोचत नाही. आधी वायपरच्या बैठकीच्या जागा काचेवर चिकटपट्टीने खुणावाव्यात आणि वायपर पुलरने काढावा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. बॅटरी सोडायची असेल तर त्याआधी दारांच्या काचा खाली घ्याव्यात. चौकट नसलेल्या दारांची काच दार उघडताना आपोआप थोडी उतरते, आणि बॅटरी बंद असली की ती उतरत नाही. मग दार ओढले की काच वरच्या रबरात अडकते. मागच्या बाजूला इंजिन असलेल्या पुष्कळ गाड्यांत बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी विजेवर उघडते. बॅटरी सोडून डिकी बंद केली तर मोठाच घोळ. काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवरची आतली पट्टी काढताना त्यामागे पडदा-एअरबॅग असू शकते, म्हणून बॅटरी सोडल्यावर काही मिनिटे थांबून मगच हात लावावा. तिथल्या क्लिपा एकदाच वापरायच्या असतात. नव्या क्लिपा आणि मोल्डिंग काचेबरोबरच मागवावे, नाहीतर सगळे काम अडून राहते.

कापायला काय वापरावे ते बॉडी कशाची आहे यावर ठरते. मारुती-ह्युंदाईच्या पत्र्यावर सुरीने किंवा पोलादी तारेने चिरले आणि रंग थोडा खरवडला तर प्रायमर लावून निभावते. मॅक्लारेन किंवा लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरचा सांगाडा कार्बन फायबरचा आहे. सुरीने तो चिरला तर तंतू तुटतात, आणि ते वेल्डिंगने जोडता येत नाहीत. अशा ठिकाणी धातूची तार नको, कापणारी सिंथेटिक दोरीच हवी. बारीक छिद्रातून ती आत घ्यावी, डॅशबोर्डवर प्लॅस्टिकच्या फळ्या ठेवून त्याला झाकावे आणि आतून रिळाने ओढत कापत जावे. ॲल्युमिनियमच्या गाडीत, फेरारी ४५८ ही त्यातली, रंगाला चीर गेली तर उघड्या धातूवर प्रायमर लावल्याशिवाय पुढे सरकू नये. ॲल्युमिनियम आणि कार्बन दोन्ही असलेल्या गाड्यांना वीज न वाहणारे, जास्त ताठ प्रकारचे पॉलियुरेथेन लागते. साधे लावले तर ओलाव्यात दोन वेगळ्या धातूंमध्ये जसा गंज धरतो तसा ॲल्युमिनियमला आतून धरतो आणि वरून काही दिसत नाही.

जुना थर पूर्ण खरवडून काढू नये. एक ते दोन मिलिमीटर सपाट ठेवावा, नवे पॉलियुरेथेन जुन्या ताज्या कापलेल्या थरावर सर्वांत चांगले धरते. प्रायमर काचेच्या काळ्या पट्ट्यावर आणि जिथे पत्रा उघडा पडला तिथे. कंपनीच्या पत्रकात सांगितलेला वेळ, बहुतेकदा दहा मिनिटांच्या आसपास, सुकू द्यावा. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांनी काच पुसणे बंद करावे, त्यांचा तेलकट अंश राहतो. टायर आणि डॅशबोर्ड चमकवायच्या सिलिकॉनच्या फवाऱ्याचा कण जरी काचेच्या कडेला लागला तरी पकड होत नाही. आणि हार्डवेअरच्या दुकानातले, आंबूस वासाचे सिलिकॉन तर कधीच नको. त्यातले आम्ल पत्र्याला गंज आणते, आणि एकदा ते लागले की त्यावर पॉलियुरेथेन पुन्हा कधी चिकटत नाही. ‘गळते आहे, थोडे सिलिकॉन मारून देतो’ ही आमच्या धंद्यातली सर्वांत महागडी वाक्यरचना आहे.

पॉलियुरेथेन किती लागते? काचेचा घेर सव्वाचार मीटर धरला आणि त्रिकोणी नोजलने ८ मिलिमीटर रुंद, १२ मिलिमीटर उंच पट्टी ओढली, तर दोनशे मिलिलिटरच्या आसपास जाते. १० बाय १५ ची पट्टी सांगितली असेल तर ३१० मिलिलिटरची एक नळी संपते आणि थोडे कमी पडते. म्हणून दोन नळ्या हाताशी, दोन्ही मुदतीतल्या. पट्टी मधे तोडून दुसरी जोडायची झाली तर जोड कोपऱ्यात नको, सरळ कडेवर आणि आधीच्या शेपटावर चढवून. पट्टी ओढल्यावर वरची साय धरायच्या आत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, दोघांनी काचेला चिकटणाऱ्या व्हॅक्यूमच्या मुठी धरून काच बसवायची. त्याआधी एकदा कोरडी बसवून चिकटपट्टीने दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून घ्याव्यात, कारण ओल्या पट्टीवर काच सरकवता येत नाही. सरकवली की पट्टी पसरते आणि पुढच्या पावसात नेमकी तिथेच गळते.

आता वेळ. एकाच नळीतले पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते, उन्हाने नव्हे. हेअर ड्रायर लावणारे आणि गाडी उन्हात उभी करणारे दोघेही वरची साय कडक करतात, आत काही होत नाही. कंपन्यांचे तक्ते २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता गृहीत धरतात. जुलैत बेळगावात ओलावा भरपूर, फक्त पत्रा आणि काच कोरडी हवी. मार्चच्या कोरड्या दुपारी आणि जानेवारीच्या थंड रात्री मात्र तेच काम जास्त वेळ घेते. वेगवान प्रकारात एका तासात गाडी हलवायला परवानगी असते, साध्यात कित्येक तास, आणि एअरबॅग असलेल्या गाडीचा आकडा तक्त्यात बहुधा वेगळा असतो. तो तक्ता नळीबरोबर येतो. ग्राहकाने तो मागून वाचावा. पूर्ण घट्ट व्हायला एक दिवसाला साधारण तीन-चार मिलिमीटर एवढीच गती असते, हे लक्षात घेतले की त्याच दिवशी चोर्ल्याच्या खड्ड्यांतून बॉडी पिळवटत नेणे किती चुकीचे ते समजते. पहिला दिवस एक काच थोडी उघडी ठेवावी, म्हणजे दार लावताना आतल्या हवेचा दाब काचेला बाहेर ढकलणार नाही. दोन दिवस प्रेशर वॉशर नको. गळती पाहायची तर साध्या पाइपाने खालून वर पाणी सोडावे. काचेला कॅमेरा असेल तर तो पुन्हा जुळवल्याशिवाय लेन ओळखण्याची यंत्रणा भरवशाची नसते. ज्याच्याकडे ते उपकरण नाही, त्याने तसे सांगून गाडी मुंबई किंवा बंगळूरच्या कंपनीच्या कार्यशाळेकडे फ्लॅटबेडवर, चाकांना पट्टे बांधून पाठवावी. यात कमीपणा नाही.

विम्याबाबत एवढेच. काचेच्या भागांवर घसारा नसतो, रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के असतो, १५०० सीसीवरच्या गाडीला २००० रुपये सक्तीचे स्वतः भरावे लागतात, आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. सर्व्हेयर येऊन जाईपर्यंत जुनी काच मोडीत घालू नये, शिक्क्याचा आणि चासी नंबराचा फोटो ठेवावा. गडद फिल्म चढवायचा हट्ट कोणी धरला तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० प्रमाणे पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे.

खडीचे डंपर क्रशरमधून बाहेर पडतानाच ताडपत्री तपासली जावी, टोलनाक्यापर्यंत वाट पाहू नये, एवढी विनंती बेळगाव जिल्हा प्रशासन आणि वाहतूक पोलिसांना आपल्या वृत्तपत्रातून करीत आहोत.

कळावे, लोभ असावा.

– काचकाम करणारे काही कारागीर, उद्यमबाग, बेळगाव